हप्त्याहप्त्याने पेरणी : जबलपूरच्या लहरी वसंतातील परसबाग

घराभोवती चार हात मोकळी जागा असली, की तेथे भाजीपाला लावण्याची इच्छा होणे हा मराठी माणसाचा जुना स्वभाव आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेल्या कुटुंबांनीही हा स्वभाव आपल्याबरोबर नेला. नर्मदेच्या काठावरील जबलपूर शहरात रेल्वे, शिक्षणसंस्था, न्यायालये आणि १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीसारखे कारखाने यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. अशा कुटुंबांच्या अंगणात अळू, कढीपत्ता आणि दुधीचा वेल यांना आजही हक्काची जागा असते.

मात्र पुणे किंवा नाशिक येथे शिकलेले बागकामाचे वेळापत्रक जबलपुरात जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील वसंत ऋतू अल्पजीवी आहे आणि तितकाच लहरीही आहे. त्या लहरीपणाशी जुळवून घेऊन उन्हाळी भाजीपाल्याची सुरुवात कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

दोन धोक्यांमधील अरुंद वाट

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. येथे फेब्रुवारीत रात्रीचे तापमान साधारणपणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मार्चमध्ये ते १६ अंशांच्या घरात जाते. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारचा पारा ४० अंशांकडे झुकतो आणि मे महिन्यात त्याच्याही पुढे जातो. म्हणजे थंडी ओसरणे आणि कडक ऊन सुरू होणे यांमध्ये भाजीच्या कोवळ्या रोपांना मानवणारे जेमतेम सहा ते आठ आठवडे मिळतात.

या थोड्या दिवसांतही हवामान एकसारखे राहत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होऊन पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात आणि वसंतात उत्तर भारतावरून जातात. त्यांच्या प्रभावाने आलेली थंड हवा आणि समुद्रावरून आलेले बाष्प मध्य भारतावर एकत्र आले, की ढग, वादळी पाऊस आणि प्रसंगी गारपीट होते. हिवाळ्यातील अशा पावसाला या भागात मावठा म्हणतात. गव्हाला तो अनेकदा उपकारक ठरतो. परंतु फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये गारांसह आला, तर उभे पीक झोपवतो. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील गारपिटीने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील शेतीचे केलेले नुकसान अनेकांच्या स्मरणात असेल.

त्यामुळे परसबाग करणाऱ्यापुढे दोन धोके उभे राहतात. पेरणी फार लवकर केली, तर बी थंड व ओल्या मातीत कुजते. फार उशीर केला, तर फुले येण्याच्या वेळी ऊन कडक होते आणि फुले गळतात. बचतीचे नियोजन करताना सर्व रक्कम एकाच ठिकाणी गुंतवू नये, हा सल्ला सर्वपरिचित आहे. तोच सल्ला येथे बियाण्याला लागू होतो. सर्व बी एकाच दिवशी मातीत टाकू नये.

मुहूर्त पंचांगात नव्हे, मातीत पाहावा

वसंत पंचमी झाली की उन्हाळी भाज्यांचे बी पेरावे, असा काही घरांत रिवाज आहे. श्रद्धेचा भाग म्हणून त्या दिवशी वाफ्याची पूजा अवश्य करावी. परंतु तिथी चांद्र महिन्यानुसार मागे-पुढे होत असते. २०२३ साली वसंत पंचमी २६ जानेवारीला होती, तर २०२४ साली ती १४ फेब्रुवारीला आली. या दोन दिवसांत १९ दिवसांचे अंतर आहे, आणि फेब्रुवारीतील १९ दिवसांत मातीची ऊब पुष्कळ बदलते.

भेंडीच्या बियाला अंकुरण्यासाठी मातीचे तापमान किमान १७ ते २० अंश लागते. २५ ते ३० अंशांत ते पाच-सहा दिवसांत उगवते. १५ अंशांच्या आसपास मात्र आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि पुष्कळदा कुजते. दुधी, दोडका, कारले यांचीही प्रकृती अशीच उष्णताप्रिय आहे. म्हणूनच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घाईने पेरलेली भेंडी आणि महिनाअखेर पेरलेली भेंडी यांची पहिली तोडणी बहुधा फारशी मागे-पुढे होत नाही. घाईतून मिळणारा लाभ थोडा आणि जोखीम मोठी, असा हा व्यवहार आहे.

मातीची परीक्षा घेण्यासाठी साधा तापमापक पुरेसा आहे. सकाळी आठच्या सुमारास तो मातीत पाच सेंटीमीटर खोल खुपसावा आणि आकडा वहीत लिहावा. सलग चार-पाच दिवस १८ अंशांहून अधिक तापमान आढळले, की पहिली पेरणी करण्यास हरकत नाही. त्याच वेळी भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज पाहावा. विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत दिले जातात. आपल्या जिल्ह्यासाठी पिवळा किंवा त्यावरचा इशारा असेल, तर पेरणी तेवढे दिवस पुढे ढकलावी.

काळ्या मातीची मर्जी

जबलपूर परिसरात काळी, भारी माती मोठ्या प्रमाणावर आढळते. ती ओल धरून ठेवते हा तिचा गुण. परंतु ओली असताना ती चिकट होते, वाळली की भेगाळते, आणि जोराचा पाऊस पडून ऊन तापले की तिच्यावर कठीण थर बसतो. हा थर कोवळ्या अंकुराला फोडता येत नाही. बी वाईट निघाले असा समज होतो; प्रत्यक्षात बी उगवलेले असते, पण वर येऊ शकलेले नसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय गादीवाफ्याचा. जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंच वाफा केला, की अवकाळी पावसाचे पाणी मुळांशी साचत नाही आणि माती लवकर ऊब धरते. दुसरा उपाय वाफशाचा. मूठभर माती घट्ट दाबून कमरेच्या उंचीवरून सोडावी. ती फुटून मोकळी झाली तर वाफसा आला असे समजावे. गोळा तसाच राहिला तर खुरपे बाजूला ठेवावे. ओल्या काळ्या मातीत काम केल्यास तिची ढेकळे होतात आणि पूर्ण हंगामभर ती त्रास देतात. तिसरा उपाय म्हणजे बियावर काळी माती न ओढता वाळू व चाळलेले शेणखत समप्रमाणात मिसळून त्याचा पातळ थर द्यावा. असा थर पावसानंतरही घट्ट होत नाही.

जबलपूर जिल्हा हिरव्या मटारासाठी प्रसिद्ध आहे आणि येथील अनेक परसबागांतही हिवाळ्यात मटाराचा वाफा असतो. फेब्रुवारीत शेंगा संपल्यावर मटाराचे वेल उपटून टाकू नयेत, जमिनीलगत कापावेत. मुळांवरील गाठींतील नत्राचा काही अंश मातीत राहतो आणि मुळे कुजल्यावर तयार झालेल्या पोकळीतून हवा खेळते.

थांबण्याचे दिवसही कामाचे

माती तापण्याची वाट पाहण्याचे दिवस रिकामे घालवू नयेत. वाफा तयार करून त्याला एकदा पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवस तसाच सोडावा. या काळात वरच्या थरातील तणांचे बी उगवते. ते खुरप्याने हलकेच खरवडून काढावे आणि माती खोलवर न उकरता त्याच वाफ्यात पेरणी करावी. पुढील महिन्यातील निंदणीचे निम्मे श्रम येथेच वाचतात. तणांच्या प्रश्नाचा अभ्यास करणारे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन निदेशालय जबलपुरातच आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कुंपणालगतचे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. फुले आलेली नसतील तर ते कंपोस्टमध्येही चालते.

याच दिवसांत बियाण्याची परीक्षा घ्यावी. पाकिटावरील उगवणक्षमता व चाचणीची मुदत वाचावी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. भेंडीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ६५ टक्के आणि दुधीची ६० टक्के असावी, असे मानक आहे. घरचे किंवा गतवर्षीचे बी असेल, तर २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. आठवड्यात १३ हून कमी बियांना अंकुर फुटले, तर ते बी बदलावे. जातींपैकी परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. दुधीमध्ये ‘पुसा नवीन’, गवारीत ‘पुसा नवबहार’ आणि चवळीत ‘पुसा कोमल’ या जाती परिचयाच्या आहेत. स्थानिक सल्ल्यासाठी १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जबलपुरातच आहे.

तीन वाफ्यांचा हिशेब

उदाहरणादाखल चार मीटर लांब व तीन मीटर रुंद जागा घेऊ. तिच्यात प्रत्येकी एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असे तीन वाफे आणि त्यांच्यामध्ये ४० सेंटीमीटरच्या दोन पायवाटा सहज बसतात. प्रत्येक चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. म्हणजे एकूण नऊ चौरस मीटरला १८ ते २७ किलो खत पुरेसे होते.

पहिल्या वाफ्यात पालेभाज्या घ्याव्यात. मेथी, पालक व कोथिंबीर यांना थंडी चालते, म्हणून त्यांची पेरणी फेब्रुवारीच्या आरंभीच करावी. मार्चअखेर ऊन वाढले की कोथिंबीर फुलावर येते. तेव्हा ती काढून त्या जागी उन्हाला दाद न देणारा माठ किंवा राजगिरा पेरावा.

दुसऱ्या वाफ्यात भेंडीच्या तीन ओळी घ्याव्यात. दोन ओळींत ४० व दोन रोपांत २५ सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एका ओळीत १२ जागा मिळतात. पेरणीचे हप्ते येथे पाडावेत. पहिली ओळ १८ ते २० फेब्रुवारीच्या सुमारास, दुसरी मार्चच्या आरंभी आणि तिसरी १० ते १२ मार्चला पेरावी. अर्थात प्रत्येक वेळी अंतिम शब्द तापमापकाचा.

प्रत्येक जागी दोन बिया टाकाव्यात. उगवण ६५ टक्के धरली, तर एकेक बी टाकल्यास १२ पैकी सुमारे चार जागा रिकाम्या राहतील. दोन बिया टाकल्या, तर दोन्ही न उगवण्याची शक्यता सुमारे १२ टक्के उरते. म्हणजे १२ पैकी एखाददुसरीच जागा रिकामी राहील. या हिशेबाने तीन ओळींना ७२ बिया लागतात. पाकिटात ८० बिया असतील, तर उरलेल्या आठ बिया गंगाजळी म्हणून राखून ठेवाव्यात.

या पद्धतीत गारपिटीने पहिली ओळ गेली, तरी नुकसान एकतृतीयांशावर थांबते. हवामान अनुकूल राहिले, तर पहिली तोडणी एप्रिलच्या पूर्वार्धात सुरू होते आणि पुढील ओळी तिला जोडून येतात. घरात एकाच आठवड्यात चार किलो भेंडी आणि पुढील आठवड्यात काहीच नाही, ही अवस्थाही टळते.

तिसरा वाफा वेलभाज्यांचा. दुधी, दोडका, काकडी यांची मुळे हलवलेली त्यांना सोसत नाहीत. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास त्यांचे बी चहाच्या कुल्हडांत किंवा कागदी पेल्यांत लावावे आणि ते दक्षिणेकडील उबदार भिंतीलगत किंवा खिडकीत ठेवावेत. पेल्याच्या तळाला भोक पाडण्यास विसरू नये. ढग आले तर पेले घरात घेता येतात. वाफा घरात घेता येत नाही. तीन आठवड्यांनी, दोन-तीन खरी पाने आल्यावर, मातीच्या गोळ्यासह रोप आळ्यात लावावे. कुल्हड फोडून काढावे. वाफ्याच्या उरलेल्या जागेत मार्चच्या आरंभी गवार किंवा चवळी टोकावी. टोमॅटोची रोपे लावायची असल्यास ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच लावावीत, कारण दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोला फळधारणा होत नाही.

गारा आल्यास

बांबूच्या कमानी वाफ्यावर आधीच रोवून ठेवाव्यात. इशारा मिळताच त्यांवर शेडनेट किंवा जुनी मच्छरदाणी ताणून कडेला विटा ठेवाव्यात. जाळे रोपांवर टेकता कामा नये. प्लास्टिकचा कागद वापरल्यास ऊन येताच तो काढावा. झाकलेल्या वाफ्यातील हवा तासाभरातच रोपे करपण्याइतकी तापते.

एवढे करूनही नुकसान झाले, तर दोन दिवस थांबावे. वेलाचा शेंडा मोडला असला, तरी खालचा पेर शाबूत असल्यास बाजूने फूट येते. बीजदलांच्या खालीच खोड तुटले असेल, तर मात्र ते रोप वाचत नाही. तेथे राखीव बी टोकावे. फाटकी पाने कात्रीने काढावीत, वाफसा आल्यावर वरचा थर हलक्या हाताने मोकळा करावा आणि नवी फूट दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नये. मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा पेरणी करण्यास वेळ असतो.

पाऊस उघडल्यावर वेलभाज्यांच्या कोवळ्या बीजदलांवर तांबडे भुंगे उतरतात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात; त्या वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पाणी फेब्रुवारीत सकाळी द्यावे, म्हणजे रात्री माती थंडगार राहत नाही. एप्रिलमध्ये ते सायंकाळी द्यावे. वाळलेल्या पानांचे आच्छादनही माती तापल्यावर, रोपे वीतभर झाल्यावरच घालावे. घाईने घातलेले आच्छादन मातीला ऊब मिळू देत नाही.

दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात. शहरात त्या वेळी परागवाहक कीटक कमी असतील, तर नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाच्या केंद्रावर हलकेच टेकवावेत. देठाशी लहानशी दुधी दिसते ते मादीफूल, एवढी ओळख पुरेशी आहे.

शेत आणि परसबाग

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शेतकरी ग्राहकांसाठी २०१६ पासून प्रधानमंत्री फसल विमा योजना आहे. अधिसूचित क्षेत्रातील अधिसूचित पिकाचा विमा उतरवलेला असेल, तर गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने झालेल्या वैयक्तिक नुकसानीचीही त्यात दखल घेतली जाते. मात्र नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. रब्बी अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या कमाल १.५ टक्के आणि वार्षिक व्यापारी व बागायती पिकांसाठी कमाल ५ टक्के आहे. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यांसाठीही योजना ऐच्छिक झाली आहे. त्यामुळे कर्ज घेतले म्हणजे विमा आपोआप झाला, असे गृहीत धरू नये.

अंगणातील तीन वाफ्यांना असा विमा नसतो. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या आठ बिया, कुल्हडातील चार जादा रोपे आणि तीन हप्त्यांत केलेली पेरणी हाच विमा होय. त्याचा हप्ता केवळ धीराच्या नाण्यात भरावा लागतो.

या खर्चाबरोबर एक वही मात्र अवश्य ठेवावी. मातीचे तापमान, पेरणीची तारीख, उगवलेल्या रोपांची संख्या, पावसाचे व गारांचे दिवस आणि पहिली तोडणी एवढ्या पाच नोंदी तिच्यात असाव्यात. दोन-तीन वर्षांत त्या नोंदींवरून आपल्या अंगणाचा स्वतंत्र मुहूर्त कळू लागतो. शेजारच्या गल्लीतील अंगणाचा मुहूर्त त्याहून वेगळा असू शकतो, कारण तेथील भिंत, सावली आणि माती वेगळी असते. येत्या फेब्रुवारीत बियाण्याचे पाकीट उघडण्यापूर्वी ही वही उघडावी आणि पहिल्या पानावर मातीचे त्या दिवशीचे तापमान लिहावे.